घाटीतली गाडी आणि माझा डावा पाय

त्या गाडीची मला पहिल्या दिवसापासून शिसारी होती. दीपेश, माझा मुलगा, जहाजावर असतो. तिकडून फोनवर फोन लावून त्यानं ती घरी पाठवली, आणि अंगणात येऊन उभी राहिली तेव्हा माझ्या बायकोनं, शेवंतीनं, तिला ओवाळलंसुद्धा. मी दार उघडून आत वाकलो. नव्या प्लास्टिकचा असा भपकारा आला की मळमळलं. खाली बघितलं तर पायात दोनच पेडल. एक ब्रेक, एक रेस. क्लचच्या जागी काय, तर पाय टेकायला एक काळी पट्टी.

"ह्येचो क्लच खंय?" मी विचारलं.

"ऑटोमॅटिक आसा, बाबानू. क्लच नसता," तेजस्वी म्हणाली. तेजस्वी म्हणजे माझी सून, आरोंद्याची. लग्न होऊन तीन वर्षं झाली.

शी! क्लच नाही ती कसली गाडी? पाळणा म्हणा त्याला. मी एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. मिठबावात आजही लवू ड्रायव्हर म्हटलं की पत्ता विचारावा लागत नाही, आणि हे नाव मला कुणी फुकट दिलेलं नाही. ते मी घाटीत कमावलंय.

आमची वाडी खाली, समुद्राच्या अंगाला. शाळा, बाजार, दवाखाना, बाकी सगळं जग वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. मध्ये एकच घाटी. दोन वळणं, आणि दुसऱ्या वळणावर असा उभा चढ की समोरच्या काचेतून रस्ता दिसायचा बंद होतो, नुसतं आभाळ. नेमका तिथंच आमचा देवचार. देवचार म्हणजे वाटेचा राखणदार. एक उभा दगड आणि भोवती चिऱ्यांचा चौथरा. त्याची रीत अशी की गाडीनं त्याला ओलांडून दोन हात पुढे जायचं, मग थांबायचं, हात जोडायचे आणि मग निघायचं. अलीकडे थांबलेलं चालत नाही आणि न थांबता पाठ दाखवून गेलेलंही चालत नाही. ज्यानं कुणी ही रीत घातली त्यानं जन्मात कधी बैलगाडीसुद्धा हाकली नसणार, हे मी देवचाराची माफी मागून सांगतो. पण रीत ती रीत.

तर तिथं मी पंचावन्न माणसं भरलेली बस थांबवायचो, हात जोडायचो, आणि हाफ क्लचवर अशी उचलायचो की बोटभर मागे येणार नाही. मासे विकायला जाणाऱ्या बाया पाट्या घेऊन मागे बसायच्या. त्या म्हणायच्या, लवूच्या गाडीत पाटीतलं पाणी हलत नाही. एकतीस वर्षं हेच ऐकत आलो. कान सुखावले होते, दुसरं काय.

आणि हल्ली ते पर्यटक येतात ना, त्यांच्या त्या गुळगुळीत गाड्या घेऊन! पुढची गाडी देवचाराला थांबली की त्यांना थांबावं लागतं. मग निघताना गाडी मागे मागे येते, बाई किंचाळते, बाप्या घामाघूम, आणि घाटीभर जळका वास सुटतो. मी कठड्यावर बसून बघायचो आणि थुंकायचो. हीच जात आता माझ्या अंगणात येऊन उभी राहिली होती.

बरं, गाडी आली ती काही माझ्या हौसेसाठी नाही. तेजस्वी लॅबचा कोर्स शिकलेली पोर. तीन वर्षं आमच्याकडे भाकऱ्या थापत बसली होती. जामसंड्यातल्या एका लॅबनं तिला नोकरी देऊ केली. काम पहाटेचं, म्हणजे उपाशीपोटी रक्त द्यायला येणारे लोक साडेसहाला दारात उभे असतात. आणि आमची पहिली बस तिथं पोचते पावणेनऊला. गाडी असेल तरच नोकरी. येत्या सोमवारी हजर व्हायचं, असं ठरलं होतं. लायसन तिच्याकडे माहेरापासून होतं. दीपेश फोनवर एवढंच म्हणाला, "तेजू, बाबा घाटीत बघून हो म्हणाले की बिनधास्त ने. त्यांच्याएवढं कळणारं दुसरं कुणी नाही."

म्हणजे बघा. तिची नोकरी माझ्या एका 'हो'वर अडकली होती. आणि मला तो 'हो' तोंडातून काढवेना.

"आधी माझो हात बसांदे," मी म्हटलं. "मगे तुझा बघतंय."

कसला हात बसतोय! पहिल्याच दिवशी शेवंतीला बाजारात घेऊन गेलो. येताना समोर म्हैस आली, आणि माझ्या डाव्या पायानं एकतीस वर्षांच्या सवयीनं क्लच दाबला. क्लच नव्हताच, पाय बसला ब्रेकच्या कडेवर, तोही क्लच दाबतात तसा पूर्ण तळापर्यंत. गाडी जागच्या जागी खिळली. शेवंतीचं कपाळ पुढच्या सीटवर आदळलं आणि तिच्या मांडीवरची बांगडे माशांची पिशवी खाली फुटली. सगळं रक्ताळ पाणी कार्पेटात. दुसऱ्या दिवशी गाडी उन्हात तापली आणि मी दार उघडलं. काय सांगू तुम्हाला! मासे खाऊनच मोठा झालेला माणूस मी, मला ओकारी आली. तेजस्वीनं कार्पेट काढलं, लिंबू आणि राख लावून विहिरीवर घासलं. दोनदा घासलं. तरी वास आठवडाभर गेला नाही.

घासता घासता ती म्हणाली, "बाबानू, एक सांगू? डावो पाय वाईच सीटीखाली घेवन बसा. तेका कामच देव नकात. दोनय पेडल उजव्याच पायान."

"बरा," मी म्हटलं. आतून जळलो. जो डावा पाय आख्ख्या डेपोत नावाजलेला, त्याला हिनं बसवून ठेवलं.

"आणि चढार थांबलास की न्यूट्रल करू नकात हां. दांडो डीवरच ठेवा. ब्रेक दाबून धरा, हँडब्रेक वडा. निघताना हँडब्रेक तसोच ठेवन हळूहळू रेस द्या. गाडी नाक वर करता, तुमका सीटीत कळता. तेवां हँडब्रेक सोडा. मागे येवचीच नाय."

"ह्या तुका कोणी सांगला?"

"पुस्तकात आसा. गाडीबरोबर इल्ला."

पुस्तकात! मी हसलो. पण खरं सांगतो, ते हसू फार टिकलं नाही. कारण मंगळवारी सकाळी मी तिला घाटीत नेलं, आणि ती पोर अगदी तशीच वागली. देवचार ओलांडला, दोन हात पुढे थांबली, हँडब्रेक ओढला, शांतपणे हात जोडले. मग बोटानं दूध ढवळावं तसा हळू रेस दिला. गाडीनं नाक उचललं. हँडब्रेक खाली, आणि गाडी निघाली. मी आरशात मागचा चौथरा बघत होतो. तो बोटभरही जवळ आला नाही.

एवढं बघून कुणीही शहाणा बाप म्हणाला असता, जा पोरी, उद्यापासून गाडी तुझी. मी काय म्हटलं?

"हँडब्रेकार काय, कोणीय काढीत. खरो ड्रायव्हर पायार काढता. उद्या दाखयतंय तुका."

तिचा चेहरा पडला. आमच्याकडे सुना सासऱ्यासमोर बोलत नाहीत, आणि आम्ही सासरे त्याचा पुरेपूर फायदा घेतो. हे आज कळतंय. तेव्हा नुसतं बरं वाटलं.

बुधवारी सकाळी आठच्या सुमाराला मी स्टिअरिंगवर आणि ती बाजूला. डावा पाय सीटखाली दुमडलेला, तेवढं मी तिचं ऐकलं होतं. दुसरं वळण आलं. देवचार ओलांडला, आणि दोन हातांऐवजी चांगला आठ-दहा हात पुढे जाऊन थांबलो. थांबलं की न्यूट्रल, हे माझ्या हाडात आहे. हात आपोआप गेला आणि दांडा न्यूट्रलला पडला. तेजस्वीनं ते बघितलं असावं, कारण ती "बाबानू..." म्हणाली. मी म्हटलं, "गप बस." ब्रेकवर उजवा पाय, दोन्ही हात जोडले. मग उजवा पाय ब्रेकवरून काढून रेसवर ठेवला.

गाडी वाघासारखी गुरगुरली आणि मागे सुटली.

समोर आभाळ आणि मागे सरसर सरसर. आणि तुम्हाला सांगतो, त्या क्षणाला माझा डावा पाय सीटखालून सुटला. क्लच जिथं असतो तिथं जाऊन तो आपटला, अंगात होती नव्हती ती ताकद लावून. खाली काय? ती काळी पट्टी. मी दाबतोय, दाबतोय, उजवा पाय रेसवर तसाच, इंजिन बोंबलतंय. तेजस्वीनं झेप घालून हँडब्रेक ओढला. पण गाडीला तोवर वेग आला होता. धाड! चौथऱ्यावर बसली. देवचाराचा दगड मधोमध मोडून वरचा तुकडा उताराला गडगडत गेला.

चौथरा नसता तर मागं दरीच होती. म्हणजे ज्याला मोडलं त्यानंच वाचवलं.

मी कसाबसा दार उघडून बाहेर आलो आणि मागे जाऊन त्या मोडक्या दगडाकडे बघत राहिलो. गाडी चौथऱ्यावर तिरकी टेकून होती, रस्ता अडवून. तेजस्वी ह्या सीटवरून त्या सीटवर सरकली, गाडी सुरू केली आणि हळूच चार हात पुढे काढून कडेला लावली. त्या तसल्या चढावर, तसल्या घाबऱ्या जिवानं, एक झटका न देता. तेवढ्यात खालून मंगेशचा मासळीचा टेम्पो वर आला.

मंगेशचा टेम्पो म्हणजे चाकावरची घाण. त्यातून बर्फाचं पाणी सगळ्या घाटीभर गळत जातं, आणि तो स्वतः त्याहून गळका. कानावर आलेली गजाल, म्हणजे गोष्ट, त्याच्या पोटात राहत नाही. त्यानं बघितलं काय? गाडीत स्टिअरिंगवर माझी सून. मी बाहेर मोडक्या दगडापाशी.

"शिरा पडली!" तो ओरडला. "लवूनू, सुनेन घातल्यान मा देवचारार?"

आता ऐका मी काय बोललो ते. मला त्याची लाज आहे, किळस आहे, पण बोललो ते बोललो.

"शिकता आसा ती," मी म्हटलं. "नवी आसा."

एवढंच. हा काही मोठा खोटेपणा नव्हता ना? ती नवीच होती. शिकतही होती. असं म्हणून माणूस स्वतःला धुऊन काढू बघतो. तेजस्वीनं काचेतून माझ्याकडे बघितलं. तिनं गाडीतून उतरून पदरानं, म्हणजे ओढणीनं, चौथऱ्यावरची माती झाडली आणि तिथं डोकं टेकलं.

दुपारपर्यंत अख्ख्या मिठबावात झालं. लवू ड्रायव्हरच्या सुनेनं देवचार मोडला. पारावर, गिरणीत, मासळीच्या वजनकाट्यावर तीच गजाल. "बाईमाणसाक कित्याक व्हयी गाडी?" "लवू बाजूक बसान काय करतलो बिचारो?" बिचारो! मी पारावरून जात होतो आणि लोक माझी कीव करत होते. मी मान हलवत होतो. कुणी एकानं तर माझ्यासाठी चहा मागवला आणि मी तो प्यायलो. त्या चहाची चव अजून जिभेवर आहे, खरकट्या पाण्यासारखी.

संध्याकाळी डावा पाय घोट्यापासून टम्म सुजला. शेवंती गरम तेल घेऊन बसली. चोळता चोळता तिचा हात थांबला.

"अवो, ह्यो पाय कसो सुजलो?"

"आपटलो खंयतरी."

"तुमी बाजूक बसललास मा?"

मी भिंतीकडे बघत राहिलो.

छत्तीस वर्षं ती माझ्यासोबत राहते. माझा डावा पाय ती माझ्याहून बरा ओळखते. तिनं तेलाची वाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले, खसाखसा, जसं काही घाणीला हात लागला. म्हणाली, "माझ्या हातान तेल लावन घेवक तुमका काय वाटणा नाय?" आणि उठून गेली. पाय अर्धा चोळलेला तसाच राहिला.

गुरुवारी दीपेशचा फोन आला. गजाल जहाजापर्यंत पोचली होती. मंगेशनं फोटो पाठवला असणार. "बाबा, तेजूला आता चावी देऊ नका," तो म्हणाला. "नोकरी गेली खड्ड्यात. जीव वाचला हे नशीब. तुम्ही होतात म्हणून निभावलं."

मी होतो म्हणून! आता बोल लवू, बोल. "बरा," मी म्हटलं. फोन ठेवला. तेजस्वी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

शुक्रवारी सकाळी ती माझ्याजवळ आली. चहाचा कप ठेवला, पण गेली नाही.

"बाबानू, माका गावान काय म्हटला तां म्हणांदे. गावाचा माका काय नाय. फकत ह्यांका तेवढा खरा सांगा. सोमवारी माका जावचा आसा."

इतकं सरळ मागणं. माझं नाव गावात तसंच राहणार होतं, फक्त मुलाला एक फोन करायचा. तेवढंही मला जमलं नाही. मुलाच्या डोळ्यात आपण कोण आहोत ते एकदा बघितलेलं असलं ना, की ते सोडवत नाही. मी म्हटलं, "रविवारी देवचाराचा गाऱ्हाणा आसा. ता होवंदे. मगे बघूया."

"बघूया," ती म्हणाली. कप उचलून नेला. चहा मी प्यायलो नव्हतो.

रविवारी सकाळी सगळी वाडी घाटीत जमली. नवा दगड बसवला होता, चौथरा नीट केला होता. नारळ, विड्यांचं बंडल, एक कोंबडा. आमच्याकडे देवचाराचं काही चुकलं की गाऱ्हाणं घालतात. मानकरी देवाला सगळं बोलून सांगतो, आणि दर वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. तो मान गुरुप्रसादच्या घराण्याचा. गुरुप्रसाद एरवी पोस्टात स्टँप मारतो, पण गाऱ्हाण्याला उभा राहिला की त्याचा आवाज घाटीत घुमतो. आणि ज्याच्या हातून चूक झाली त्यानं नारळ घेऊन समोर उभं राहायचं असतं.

समोर तेजस्वी उभी होती. हातात नारळ, मान खाली. मी बाकीच्या बाप्यांत, पहिल्या रांगेत. एवढ्या जवळ की तिच्या हातातल्या नारळाच्या शेंडीचा एकेक धागा मला दिसत होता.

"बा देवचारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या वाटेचो तू राखणदार, येणाऱ्याजाणाऱ्याची तू राखण करतस म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुका नवो दगड दिलो हा, नारळ, विडी, कोंबो दिलो हा, तो गोड मानून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मीही म्हणत होतो. सगळ्यांच्या आवाजात आवाज.

"लवू ड्रायव्हराच्या सुनेच्या हातसून, गाडी नवी, बाईमाणूस, चूक झाली, तुझी जागा मोडली, ती चूक पोटात घाल म्हाराजा!"

सगळ्यांनी श्वास घेतला. आणि मी बघितलं, तेजस्वीचे ओठ उघडले. ती म्हणणार होती. न केलेल्या चुकीला देवासमोर 'व्हय' म्हणणार होती, आणि मी पण म्हणणार होतो, तिच्यापासून दोन हातांवर उभा राहून. नाकात एकदम तोच वास भरला. त्या बांगड्यांच्या पाण्याचा.

"नाय म्हाराजा!"

मीच ओरडलो होतो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

कोंबडा फडफडला. गुरुप्रसाद माझ्याकडे असा बघत राहिला की जणू दगडच बोलला. "लवूकाका," तो हळूच म्हणाला, "गाऱ्हाण्यात नाय म्हणाक येता काय?"

"येता का नाय ता माका म्हायत नाय," मी म्हटलं. "गाडी मी चालवत हुतंय. ती बाजूक हुती. मी न्यूट्रल केलंय, आणि नसललो क्लच दाबत बसलंय. ह्यो बघा पाय." मी पँट वर करून त्यांना तो निळा-पिवळा घोटा दाखवला. पंचावन्न माणसांची बस उचलणारा पाय. "हँडब्रेक वडल्यान तेजस्वीन. गाडी पुढे काढल्यान ती पण तेजस्वीन. मंगेशाक मी खोटा सांगलंय. झिलाक, दीपेशाक, खोटा सांगलंय. आता परत घाल गाऱ्हाणा, आणि माझा नाव घे."

मंगेश फस्सकन हसला. मग आणखी कुणीतरी हसलं. हसा, म्हटलं, हसा. मी पुढे झालो आणि तेजस्वीच्या हातातून नारळ काढून घेतला. ती बाजूला झाली. गुरुप्रसादनं घसा साफ केला, पहिल्यापासून सुरुवात केली, आणि माझं नाव आलं तेव्हा सगळी वाडी कडाडून ओरडली, "व्हय म्हाराजा!" बाया सगळ्यात जोरात. तेजस्वीचा आवाज मला आला नाही.

पण खरं सांगू? घाटी उतरताना मला हलकं वाटत होतं. नाव गेलं तर गेलं. सोमवार उद्या आहे, म्हटलं. वेळेवर झालं सगळं. मनातल्या मनात मी स्वतःची पाठसुद्धा थोपटली. निर्लज्ज माणूस निर्लज्जच असतो, खरं बोलला तरी.

घरी आल्या आल्या दीपेशला फोन लावला. लागला नाही, तर सगळं बोलून त्याला आवाज पाठवला, एक शब्द न गाळता. मग खुंटीवरची चावी घेतली आणि अंगणात गेलो. तेजस्वी दोरीवरचे कपडे काढत होती.

"ही घे," मी म्हटलं. "उद्या साडेपाचाक निघ. घाटीत तुझ्या पुस्तकात आसा तसाच कर, माझा काय एक ऐकू नको. दीपेशाक मी सगळा खरा सांगलंय."

तिनं चावीकडे बघितलं. हात पुढे केला नाही. हातातल्या चादरीची घडी घातली, ती नीट दाबली.

"थय माझ्या जाग्यार दुसरा चेडू येतला उद्या," ती म्हणाली. "काल लॅबवाल्यांचो फोन इल्लो. पक्का काय ता सांगा म्हणाले. मी सांगलंय, नाय जमाचा."

"काल?" माझा आवाज चढला, देवा, तेव्हासुद्धा माझाच आवाज चढला. "अगो, एक दिस थांबाचा हुता!"

"थांबलंय मा, बाबानू," ती म्हणाली. "बुधवारपासून थांबललंय."

कपडे उचलून ती आत गेली. चावी माझ्या हातात घामानं चिकट झाली होती.